आठवण नेमकी कोणाची?

चैत्र सरत आला होता आणि वाईहून काकूंचा फोन आला. लहानपणी आम्ही ज्या वाड्यात भाड्याने राहत होतो, त्या वाड्याच्या या मालकीणबाई. बोलणे प्रकृतीचे, उन्हाचे, कृष्णेच्या आटलेल्या पाण्याचे चालले होते आणि मधेच त्या सहज म्हणाल्या, “परवा गौरीच्या हळदीकुंकवाला तुझी आठवण काढली होती गं आम्ही.” मग सविस्तर सांगू लागल्या. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्हे गाळून ठेवले होते, ओट्या भरण्यासाठी भिजवलेले हरभरे परातीत निथळत होते, आणि त्या हरभऱ्यांवरून कोणीतरी माझे नाव घेतले. मी म्हणे फ्रॉकच्या खिशात ते ओले हरभरे भरून घेत असे आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून एकेक दाणा माशांना टाकत असे. खिशाला पडलेले ओले डाग पाहून आई रागवायची. काकू हे सांगताना मोकळेपणाने हसत होत्या. मीही हसले, पण मला यातले काहीच आठवत नव्हते. घाट आठवत होता, पायऱ्यांवरचे शेवाळ आठवत होते, परातीतल्या हरभऱ्यांचा कच्चट, ओलसर वासही आठवत होता. पण त्या चित्रातली ती खिसा भरणारी मुलगी माझ्यापाशी नव्हती. ती काकूंपाशी होती, आणि त्या दुपारी त्यांच्या माजघरात जमलेल्या, निम्म्याहून अधिक मला अनोळखी असलेल्या बायकांपाशी होती.

फोन ठेवल्यानंतरही ‘आठवण काढली’ हे दोन शब्द मनातून जाईनात. बरे वाटत होते, त्यात शंका नाही. आपण नसलेल्या घरात आपले नाव निघते, तेही प्रेमाने, याहून मोठा आधार परगावी राहणाऱ्या माणसाला कोणता असणार? पण त्या सुखाला एक बारीक बोच होती. माझ्याच आयुष्याचा एक तुकडा माझ्या नकळत दुसऱ्या घरी जपून ठेवलेला होता, दर चैत्रात कदाचित बाहेर निघत होता, आणि मला त्याची वार्ता नव्हती. ती आठवण माझी म्हणायची की काकूंची?

मराठीत आठवणीला किती क्रियापदे जोडली जातात आणि प्रत्येकाने तिचा स्वभाव कसा बदलतो, हे आपण रोज बोलताना लक्षात घेत नाही. आठवण येते, ती आपण बोलावलेली नसते, आणि येते ती बहुतेक वेळा एकटेपणी. आठवण होते, तिला काहीतरी निमित्त लागते, एखादा पदार्थ, एखादा वास, रस्त्यात दिसलेली तशीच चाल. आठवण राहते, ती तिच्या स्वतःच्या बळावर. आठवण ठेवावी लागते, ती आपल्या बळावर. आठवण करून देणे हे दुसऱ्याने आपल्यासाठी करायचे काम आहे. या सगळ्यांत ‘आठवण काढणे’ हा प्रयोग मला सर्वांत निराळा वाटतो, कारण तो एकट्याने मनातल्या मनात सहसा होत नाही. त्याला माणसे लागतात आणि तोंडाने बोलावे लागते. मी रात्री अंथरुणावर पडून कोणाला तरी आठवत राहिले, तर त्या व्यक्तीची आठवण काढली असे मी म्हणणार नाही. आठवण आली असे म्हणेन. काढायची तर ती चार जणांत, नाव घेऊन. आणि ‘काढणे’ हे क्रियापदही किती अर्थांनी भरलेले आहे! विहिरीतून पाणी काढतात आणि उंबऱ्यापुढे रांगोळीही काढतात. पाणी आधीच आत असते, रांगोळी मात्र आधी कुठेच नसते. ती काढली की होते. दृष्ट काढतात, विषय काढतात, आणि मुलाने काही चांगले करून दाखवले की ‘नाव काढलेस’ म्हणतात. आठवण काढताना यांतले नेमके काय घडते? आत साठलेले वर येते, की बोलता बोलता नव्याने रेखले जाते? काकूंच्या माजघरात त्या दुपारी दोन्ही घडले असावे, असे मला वाटते.

‘आठवणीने’ हे आपले क्रियाविशेषणही मला फार प्रिय आहे. ‘आठवणीने औषध घे’, ‘आठवणीने डबा परत पाठव’, ‘तुझ्यासाठी आठवणीने बाजूला काढून ठेवले आहे’. या शब्दात माया आणि शिस्त एकत्र नांदतात. फारसीतून आलेल्या ‘याद’ने मराठीत येऊन वेगळाच संसार थाटला. किराण्याची यादी तिच्यातूनच आली, लग्न ठरवताना होणाऱ्या याद्याही तिच्याच, आणि कोणी डोळे वटारून ‘याद राख’ म्हणाले, तर ती धमकी असते. हिंदीत जो शब्द विरहाने भिजलेला असतो, तो मराठीत हिशेबाला आणि दटावणीला बसला. व्याकूळ होण्यासाठी आपल्याकडे आधीच आठवण होती आणि सय होती.

‘सय’ आता बोलण्यात क्वचितच ऐकू येते. कवितेत आणि गाण्यात मात्र ती टिकून आहे. संस्कृतातली स्मृति, प्राकृतात सइ, आणि मराठीत सय, असा तिचा प्रवास. सय येते किंवा होते. सय ‘काढता’ येत नाही. म्हणजे तिच्यात माणसाची इच्छा कुठेच नाही. विशेष असे, की त्याच स्मृतीचे पालीतले रूप ‘सति’, आणि आर्य अष्टांगिक मार्गातले सातवे अंग ‘सम्मा सति’ म्हणजे सम्यक स्मृती. तिथे ती पूर्ण जागेपणाने, श्वासाश्वासावर चित्त ठेवून करायची साधना आहे. एकाच आईच्या या दोन लेकी. एक आपणहून येते आणि आपल्याला हलवून जाते, दुसरी क्षणोक्षणी सांभाळावी लागते. गोव्याकडे गेले, की कोकणीत आठवणीला ‘उगडास’ म्हणतात. तो शब्द प्रथम ऐकला तेव्हा त्याची व्युत्पत्ती शोधावी असे मला वाटले नाही. माझ्या मराठी कानाला त्यात ‘उघडणे’ ऐकू आले आणि तेवढ्याने तो मनात घर करून बसला.

पण माझा प्रश्न क्रियापदाचा तितका नव्हता, तो ‘ची’ या प्रत्ययाचा होता.

‘माझी आठवण’ या दोन शब्दांना दोन अर्थ आहेत. ‘माझी शाळेतली एक आठवण सांगते’ असे मी म्हणते, तेव्हा आठवणारी मी असते. ‘माझी आठवण ठेव’ म्हणते, तेव्हा मी आठवली जाणारी असते आणि आठवण दुसऱ्याच्या मनात राहणार असते. षष्ठीचा तोच प्रत्यय, तेच दोन शब्द, आणि मालकी मात्र या टोकाची त्या टोकाला. हा संभ्रम केवळ मराठीचा नाही. पाणिनीचे सूत्र आहे, ‘अधीगर्थदयेशां कर्मणि’. त्यानुसार स्मरण या अर्थाच्या धातूंचे कर्म षष्ठीत येऊ शकते, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण आहे ‘मातुः स्मरति’. आईला स्मरतो असे न म्हणता आईचे स्मरतो. ‘मातरं स्मरति’ ही द्वितीयाही संस्कृताला वर्ज्य नाही. पण हे षष्ठीचे रूप वाचले की मला ते फार घरचे वाटते, कारण आपणही आईची आठवण येते असेच म्हणतो. आई संपूर्ण आठवणे कोणाला शक्य आहे? आईचे काहीतरी आठवते. तिच्या पदराचा हळदीचा डाग, खोकताना तोंडाशी धरलेली मूठ, पत्राच्या शेवटी तिने काढलेली तिरकी रेघ.

याच्याही पुढे जाऊन मराठी आणखी एक गोष्ट करते. ‘मला काकू आठवतात’ या वाक्यात कर्ता कोण? क्रियापद काकूंच्या मागे चालते. त्या आदरार्थी बहुवचनात, म्हणून ते बहुवचनात. मी बिचारी चतुर्थीत, बाजूला. आठवण्याची क्रिया माझ्या मनात घडते आहे, पण व्याकरणाने तिचे कर्तेपण दूर वाईला बसलेल्या काकूंना दिले आहे. ‘मी आठवते’ असेही म्हणता येते, पण ते कपाळाला आठ्या घालून केलेल्या प्रयत्नासाठी: किल्ली कुठे ठेवली ते मी आठवते आहे. माणूस मात्र आपणहून आठवतो. उचकी लागली की ‘कोणीतरी आठवण काढली’ म्हणत आपण एकेका माणसाचे नाव घेत जातो, आणि ज्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली असे मानतो. त्या समजुतीमागेही हेच असावे, की आठवण हा दोन माणसांमधला व्यवहार आहे आणि त्याचे एक टोक दुसऱ्याच्या हातात असते.

मराठी गद्याचा आरंभच अशा एका व्यवहारातून झाला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते निघून गेले आणि मागे राहिलेली माणसे रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आश्रयाने राहू लागली. स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य त्यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, मनाशी आठवत बसलेले असत. ते पाहून पंथातल्याच म्हाइंभटांनी विचारले, की आपण सतत कशाचे मनन करता? त्या प्रश्नातून लीळाचरित्र निर्माण झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. इ. स. १२७८ च्या सुमाराचा हा ग्रंथ. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले होते त्यांना म्हाइंभट जाऊन भेटले, त्यांच्याकडून एकेक प्रसंग काढून घेतला आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतला. अक्षरशः आठवण काढणे. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोणती खूण करून म्हणाले, हे सारे आज आपण वाचतो ते त्या माणसांच्या मनात राहिले होते म्हणून. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि हिराइसेसारख्या, ज्यांना ती मुखोद्गत होती, अशांच्या तोंडून ती पुन्हा सिद्ध झाली, असेही परंपरेत सांगतात. नागदेवाचार्यांच्या स्वतःच्या आठवणी नंतर ज्या ग्रंथात गोळा झाल्या, त्याचे नाव ‘स्मृतिस्थळ’. शिष्य संस्कृतात लिहू पाहतो तेव्हा स्वामींनी आपल्याला जे सांगितले ते मराठीत सांगितले, तुमचे अस्मात्-कस्मात् मी जाणत नाही, असे निक्षून सांगणारे नागदेवाचार्य आपल्याला त्याच ग्रंथात भेटतात. त्यांचा आग्रह भाषेचा होता, तसाच तो आठवणीचाही होता, असे मला वाटते. ज्या भाषेत ते बोलणे कानी पडले, त्याच भाषेत ते राहिले पाहिजे. भाषा बदलली की सामान्य भक्तांच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातून ते निसटेल, ही त्यांची काळजी होती.

लीळाचरित्राच्या पोथ्यांत मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवते ती पाठभेद नोंदवण्याची रीत. एका भक्ताला प्रसंग एका तऱ्हेने आठवतो, दुसऱ्याला थोड्या वेगळ्या. तेव्हा लेखक दोन्ही ठेवतो आणि वेगळ्या आठवणीला ‘वासना’ म्हणतो. आज आपण हा शब्द फार अरुंद अर्थाने वापरतो. दर्शनांच्या परिभाषेत वासना म्हणजे अनुभव सरल्यावर चित्तावर उरलेला ठसा. फुले काढून घेतल्यावर करंडीत राहिलेला वास असतो तसा. ज्या गुरूंवर सर्वस्व ओवाळून टाकले, त्यांच्याबद्दल दोघांना वेगवेगळे आठवते, हे त्या माणसांनी लपवले नाही आणि त्यावरून एकाला खोटेही पाडले नाही. याचा मला फार आदर वाटतो. काकूंची हकीकत मी आईला सांगितली, तेव्हा आई लगेच म्हणाली, “छे, ते हरभरे ताई न्यायची. तू पाण्याजवळ जायचीच नाहीस, भित्री होतीस.” ताईला विचारले तर तिला दोघीही आठवत नव्हत्या, तिला मासे आठवत होते. तिन्ही आठवणी आता माझ्या वहीत एकाखाली एक लिहिलेल्या आहेत आणि त्यांतली एक खोडावी असे मला वाटत नाही.

बायकांनी मिळून आठवण काढण्याची जागा एके काळी जाते ही होती. पहाटेच्या अंधारात समोरासमोर बसून, एकाच खुंट्यावर हात ठेवून, मूठमूठ वैरण घालत दोघी दळत, आणि ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरुवात करत. पहिली ओवी कोणाला, दुसरी कोणाला, तिसरी कोणाला. देवाला, आईबापाला, पाठच्या भावाला. म्हणजे दळण संपेपर्यंत घरादारातली, माहेरची, गेलेली आणि असलेली माणसे क्रमाने नावाने आठवली जात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर पुन्हा पुन्हा येते, आणि मला जाणवते ते असे, की ओवी गाणारी बाई बहुधा एकटी नाही. समोर दुसरी आहे, जावेसारखी किंवा शेजारणीसारखी, जिने ते माहेर कधी पाहिलेलेही नाही. तिच्यासमोर नाव घेतल्याने ते माहेर तिचेही थोडे होते. दूरच्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या भावाचे वर्णन त्या दुसऱ्या बाईने पुढे आपल्या लेकीला ऐकवले नसेल कशावरून?

गावाकडच्या देवळांत आठवणीचे आणखी एक रूप दिसते. सभामंडपाच्या पंख्याकडे मान वर करून पाहिले आहे? त्याच्या पात्यांवर तांबड्या तैलरंगात लिहिलेले असते: एका पात्यावर ‘कै.’ आणि नाव, दुसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’, तिसऱ्यावर देणाऱ्याचे नाव आणि गाव. पंखा चालू असतो तोवर त्या अक्षरांचे नुसते लालसर वर्तुळ दिसते. वीज गेली, गती मंदावत गेली, की मग एकेक अक्षर वेगळे होते आणि नाव वाचता येते. त्या क्षणी मंडपात बसलेली, घामाने डबडबलेली माणसे वर पाहतात आणि कोणी तरी म्हणते, अरे, हे म्हणजे चावडीसमोरचे ते. लगेच दोन गोष्टी निघतात. हेच ‘स्मरणार्थ’ पाणपोईवर असते, घाटाच्या पायरीवर असते, एसटी थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर असते. वर्तमानपत्रात ‘प्रथम पुण्यस्मरण’ या मथळ्याखाली छायाचित्र असते आणि खाली शोकाकुल कुटुंबीयांची नावे. अनेक जण ही पाने उलटून पुढे जातात. मी जात नाही. ‘स्मरण’ हा शब्द एरवी जड, पोथीतला. पण इथे तो लोकांनी आपल्या पैशाने रंगवून घेतला आहे, शुद्धलेखनाची फिकीर न करता. त्यांची अपेक्षाही किती रास्त आहे: अनोळखी माणसाने पाणी पिताना एक नाव वाचावे.

दासबोधाच्या चौथ्या दशकात तिसरी भक्ती म्हणून स्मरण येते. ‘स्मरण देवाचें करावें । अखंड नाम जपत जावें’. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, सर्वकाळ. तिथे स्मरण म्हणजे नाम, आणि नामाला तपशील लागत नाही. पण त्याच समर्थांच्या नावावर असलेले, शिवाजी महाराज गेल्यानंतर संभाजी महाराजांना लिहिलेले पत्र वाचताना आठवण्याची तऱ्हा पालटलेली दिसते. ‘शिवरायांचे आठवावे रूप । शिवरायांचा आठवावा प्रताप’ या ओळी आपण शाळेच्या फळ्यावर, भिंतीवर, चौकातल्या कमानीवर इतक्यांदा वाचल्या आहेत, की पुढे काय आहे तिकडे लक्ष जात नाही. पुढे आहे, ‘शिवरायांचें कैसें बोलणें । शिवरायांचें कैसें चालणें । शिवरायांची सलगी देणें । कैसें असे’. प्रतापाची आठवण कोणालाही काढता येते, ती बखरीतून येते. बोलणे कसे होते, चालणे कसे होते, माणसाला जवळ करताना ते कसे करत, ही आठवण मात्र ज्याने पाहिले त्याचीच. आणि ‘सलगी देणे’ हा शब्दप्रयोग पाहा. अधिकाराच्या माणसाने समोरच्याला आपल्याशी मोकळे होण्याची मुभा द्यायची, ती किती आणि कशी द्यायची याचे एक तारतम्य असते, आणि ते ग्रंथात सांगता येत नाही म्हणून ‘आठवावे’ म्हटले आहे. वडील गेलेल्या मुलाला हे लिहिले आहे. त्याच्यापाशी त्या चालण्याबोलण्याची आपली आठवण असणारच. ती काढ, असे हे सांगणे आहे.

तुकोबांनी मात्र आठवण मागितलीच नाही. ‘हेंचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा’. मागणे उलट्या बाजूने आहे, आणि त्यामुळेच ते इतके खरे वाटते. आठवण ठेवीन अशी फुशारकी त्यांना मारायची नाही. विसर आपोआप पडतो, तो पडू नये एवढेच. कीर्तनाच्या शेवटी हा अभंग सगळे उभे राहून म्हणतात तेव्हा ‘तुझा विसर’ म्हणजे मला तुझा विसर, हाच अर्थ सर्वांच्या मनात असतो आणि तोच बरोबर आहे. पण षष्ठीच्या या नादात पडल्यापासून मला त्याच शब्दांत दुसराही अर्थ ऐकू येऊ लागला आहे: तुझे विसरणे. तू आम्हाला विसरू नकोस. भक्त देवाला विसरला तर देवाचे काही जात नाही. देव भक्ताला विसरला तर त्याने कोणाकडे पाहायचे?

ही भीती ज्या नाटकात सर्वांत धारदार झाली आहे ते कालिदासाचे शाकुंतल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ते संगीतात आणले आणि मराठी संगीत रंगभूमी सुरू झाली, म्हणून शकुंतला आपल्याला परकी राहिलेली नाही. दुर्वासाचा शाप नीट वाचला तर अंगावर काटा येतो. तुला तो विसरेल एवढेच दुर्वास म्हणत नाही. तो म्हणतो, ‘स्मरिष्यति त्वां न स बोधितोऽपि सन्’. आठवण करून दिली तरीही तू त्याला आठवणार नाहीस. म्हणजे शकुंतलेकडचा शेवटचा उपायही काढून घेतला. आठवण हरवते दुष्यंताची, पण दरबारात उभी राहून सर्वस्व गमावते ती शकुंतला. कारण तिचे आश्रमातले सारे दिवस, तिचे लग्न, तिच्या पोटातल्या मुलाचे नाव हे सगळे त्याच्या आठवणीत ठेवलेले होते, तिच्या हातात नव्हते. आणि त्याच पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिका राणीचे गाणे ऐकून दुष्यंत उगाच कासावीस होतो. सुखात असलेला जीवही सुंदर काही पाहून, गोड सूर ऐकून असा हुरहुरतो, तो नकळत कुठल्या तरी पूर्वजन्मीचे स्नेह आठवत असावा, असे तो स्वतःशी म्हणतो. कोणाची आठवण ते ठाऊक नाही आणि तरी आठवण येते आहे. ‘सय’ या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला कोणत्याही कोशात सापडलेला नाही. शापाने माणूस पुसला, पण माणसाची सय त्याला पुसता आली नाही; कालिदासाने ही फट ठेवली म्हणून पुढे अंगठीला काही काम उरले.

आपल्याकडच्या दोन बायकांनी ‘ची’ या प्रत्ययाचा प्रश्न व्याकरणाबाहेर, प्रत्यक्ष जगून सोडवला आहे, असे मला या सगळ्या फेरफटक्यानंतर वाटते. न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर रमाबाईंनी जे लिहिले ते १९१० साली प्रसिद्ध झाले. पुस्तक मुख्यतः न्यायमूर्तींविषयी आहे, पण नाव आहे ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’. ‘त्यांच्या’ नाही, ‘माझ्या’ही नाही. त्या काळच्या पत्नीने नवऱ्याच्या चरित्राला ‘आमच्या’ म्हणावे, यात विनयही आहे आणि शांतपणे मांडलेला हक्कही आहे. आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक, १९१९ साली गेले. मुलाला, देवदत्ताला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला म्हटले, की टिळकांच्या तुला ज्या आठवणी असतील त्या लिहून काढ. शाळेचे तोंड न पाहिलेली, लग्नानंतर नवऱ्याच्या लहरीप्रमाणे थांबत-चालत अक्षरे शिकलेली ही बाई लिहू लागली. मागितल्या होत्या टिळकांच्या आठवणी. कागदावर उतरल्या त्या लक्ष्मीबाईंच्या. १९३४ पासून त्या ‘स्मृतिचित्रे’ म्हणून छापून येऊ लागल्या. त्यांत टिळक पानोपानी आहेत, रागावलेले, उधळे, न सांगता घर सोडून जाणारे, कवितेत हरवलेले, कोणालाही दारातून रिकाम्या हाती न पाठवणारे. आणि तरी सारे लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी, त्यांच्या स्वयंपाकघरातून, त्यांच्या प्रवासातल्या गाठोड्यांमधून दिसते. धर्मांतराने नवराबायकोंत पडलेले अंतर, एकमेकांवाचून काढलेली वर्षे, पुन्हा एकत्र येणे, या सगळ्याबद्दल टिळकांना काय वाटले असेल ते त्यांनी त्यांच्या कवितांत लिहिले असेल. पण गाडीतून उतरून दाराशी उभे राहिलेले टिळक कसे दिसत होते, ते त्यांना स्वतःला कधीच दिसले नसते. ते पाहायला समोर लक्ष्मीबाईच हव्या होत्या.